डावा खांदा

दिंडोरी
१४ ऑक्टोबर २०२४

मुबीन,

सलाम. घरी सगळे खुशाल आहेत. पत्राच्या पहिल्या ओळीत हे लिहायचं असं गुरुजींनी मला शिकवलं, आणि अठरा वर्षांनी त्याच शाळेत तुलाही शिकवलं, म्हणून लिहितो. पत्र उर्दूत लिहावं असं मनात आलं होतं. अब्बा असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पण माझं उर्दू वाचण्यापुरतं, आणि तुझं तर तेवढंही नाही.

तुझा फोन बंद लागतो. झुंबर मुकादम पिंपळगावला लोखंड घ्यायला आला होता, तो मला ओळखून थांबला. तू तासगावकडे त्याच्या टोळीत द्राक्षबागांचे मांडव उभारतोस, हे त्याच्याकडून कळलं. म्हणाला, "काम एक नंबर हाय तुझ्या भावाचं. पण बोलत नाय राव. बोललाच तर तारेसंग बोलतो." मी हसलो. पत्ता त्याच्याकडूनच घेतला. फोन कट करता येतो. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं.

माझी तब्येत चांगली आहे. उजव्या डोळ्याच्या जागी डॉक्टरांनी बनावट डोळा बसवून दिला. काचेचा म्हणतात, पण असतो प्लास्टिकचा. फलकने खूप वेळ निरखून पाहिला. मग म्हणाली, "अब्बू, रंग जुळलाय. पण हा डोळा तुमच्यापेक्षा शांत आहे." तुझी पुतणी कॉलेजात गेल्यापासून अशीच बोलते. तुझी भाभी तिला रागावली आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसली.

चहा ओतताना कप चुकतो. एका डोळ्याला लांबी-रुंदी कळते, पण वस्तू किती जवळ आहे ते कळत नाही. आता मी आधी कपाच्या काठावर बोट ठेवतो, मग ओततो. बोट भाजतं, पण चहा कपात जातो.

काम चालू आहे. मांडवाचे खांब एका ओळीत आहेत का, हे बघायला आपण एक डोळा मिटूनच बघायचो, त्यामुळे त्यात काही अडत नाही. तार ताणायच्या वेळी मात्र मी बाजूला होतो. त्या कामाला गेणूला घेतलं आहे. तो दर वेळी मोठ्यांदा हाक देतो, "ताणतोय रं!" आणि समोरून "ताण!" आल्याशिवाय तार खेचायच्या पुलरला हात लावत नाही. सगळ्या टोळ्यांची हीच पद्धत आहे. आपल्या दोघांचीच नव्हती. एका टोकाला तू, एका टोकाला मी, आणि मधल्या तारेवर हात. तू किती खेचलंस ते मला हातात कळायचं आणि मी माझ्या टोकाचा चिमटा आवळला की तुला. लोक म्हणायचे, हे भाऊ मुके आहेत की काय. मला त्याचा अभिमान होता.

तार जुनी होती, मुबीन. मी सगळ्यांना तेच सांगितलं आहे आणि तेच खरं आहे. जुन्या बागेतून काढलेली तार होती, गंज तिला आतून खात गेला होता, तुटली आणि डोळ्यात आली. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला दवाखान्यातच माफ केलं आहे, सगळ्यांच्या देखत. अल्लाहची मर्जी होती.

आपली नेमबाजीची एअर रायफल कपाटात आहे. रेंजवर नेम शिकवणारे हवालदार तुझी चौकशी करतात. राज्य स्पर्धेसाठी तुझी निवड झाली होती, ती संधी गेली. पण क्लबाच्या यादीतून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही.

ये. नाहीतर दोन ओळी तरी लिही.

तुझा भाईजान,
महेबूब


२२ डिसेंबर २०२४

मुबीन,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असावं.

या वेळी बातमी आहे. मी परत रेंजवर जाऊ लागलो आहे.

गेलो होतो ते रायफल विकायला. तू ती हातात धरणार नाहीस असं वाटलं, आणि माझा नेमाचा डोळाच गेलेला. आपण दोघांनी मिळून घेतलेली जुनी वस्तू, कुण्या गरजू पोराच्या कामी येईल असा विचार केला. फलकच्या स्कूटीवर मागे पेटी धरून बसलो आणि मखमलाबाद रस्त्याला गेलो. मोटारसायकल मी सोडली आहे. उजवीकडून येणारा ट्रक अंगावर आल्यावरच कळतो.

चिमाजी हवालदारांनी पेटी उघडूनसुद्धा पाहिली नाही.

"विकायची? दोघांची हाय ना ती? मग एकाच्या तोंडानं सौदा नाय करायचा मी."

"हवालदार, माझा नेमाचा डोळा गेला."

"आणि दुसरा काय शोभेला ठेवलाय?"

रेंजवर पोरं सराव करत होती, ती आमच्याकडे बघू लागली. हवालदार पुढे म्हणाले, "ह्या समद्यांच्या एका डोळ्यापुढं झापड लावायची, आणि तरी दुसरा डोळा उघडा ठेवून नेम धरा म्हणून शिकवायचं, यात माझा महिना जातो. तुझं ते काम आधीच झालंय. मला आयता गडी मिळाला." 

कोणी हसेना. मग मीच हसलो, तेव्हा सगळे हसले. घरात सहा महिने सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. हवालदारांनी पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात टोमणा मारला. मला ते औषधासारखं लागलं.

डावा डोळा म्हणजे डावा खांदा. उजव्या खांद्यावर रायफल ठेवून डाव्या डोळ्याने बघता येईल असा आरसा बसवून मिळतो म्हणाले, नियमात बसतो. मी नको म्हटलं. एक खोटा डोळा पुरे.

तुला आठवत असेल, दस्ता दोन्ही खांद्यांना चालेल असा होता म्हणून तर आपण ती रायफल पसंत केली. गालाची फळी, मागची पट्टी, प्रत्येकावर दोन खुणा. पांढरी माझी आणि हिरवी तुझी. आता पांढरी खूण माझ्या काही कामाची नाही. सगळं हिरव्या खुणेवर आणून ठेवलं आणि रायफल डाव्या खांद्याला लावली. फळीवर तुझ्या गालाच्या घामाने लाकूड काळं पडलं आहे, तिथे माझा गाल आला.

शरीराला काही म्हणजे काही समजत नाही. उजवं बोट चाप कसा अलगद ओढायचा ते जाणतं, डावं बोट नुसतं ढकलतं. पाय चुकीचे पडतात. पहिल्या दिवशी गोळ्या कागदाच्या पांढऱ्यातच लागल्या, काळ्या गोलात एकही नाही. लहानपणी तू डाव्या हाताने घास घेतलास की अम्मी चापट मारायची. मीसुद्धा मारली आहे. आज माझा डावा हात पहिलीच्या वर्गात बसला आहे आणि त्याला कोणी मारत नाही.

पण जमेल. हळूहळू जमतंय. काळजी करू नकोस.

तुझ्या भाभीने तिळाची चटणी केली होती, तुझ्या नावाची वाटी काढून ठेवली आणि मग म्हणाली, बघा माझा वेडेपणा.

भाईजान


६ एप्रिल २०२५

मुबीन,

ईद झाली. ईदगाहवर लोकांनी विचारलं, मुबीन आला नाही? मी म्हणालो, सांगलीकडे कामाचा जोर आहे. रमजानभर तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि ईदच्या सकाळी पहिली गोष्ट खोटी बोललो.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की जमतंय. जमत नाही.

एकच डोळा असला की त्याला विसावा नाही. इतरांचे दोन डोळे आपसात ओझं वाटून घेतात. माझा एकटा राबतो. दहा-बारा गोळ्या झाल्या की पाणी येतं, पुढच्या नळीतल्या गोलात कागदावरचा काळा गोल थरथरायला लागतो आणि मग दोन्ही गोल एकमेकांत विरघळतात. मी थांबतो, डोळा मिटतो. डोळा मिटला की माझ्यासाठी सगळीच रेंज मिटते. बाकीच्यांना तो अंधार माहीत नाही.

तरीसुद्धा तो मोठा त्रास नाही. मोठा त्रास हवालदारांनी शोधला. एक दिवस ते माझ्यासमोर, तोंडाकडे बघत उभे राहिले. कागदाकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी मारत गेलो आणि ते बघत राहिले. मग म्हणाले, "महेबूब, रायफल खाली ठेव."

"काय झालं?"

"तू गोळी सुटायच्या आधी डोळा मिटतोस."

"मी नाही मिटत."

"अरे, मी काय झोपलोय का इथं? नेम चांगला धरतोस. मग चाप ओढायच्या ऐन टायमाला डोळा गप्पकन मिटतोस. म्हणजे दरखेपी तू आंधळा होऊन मारतोस, गड्या."

फलक बाकावर अभ्यास करत होती. तिलाही बोलावून बघायला लावलं. तिने पाहिलं आणि मान खाली घातली.

मला कळत नव्हतं, आणि अजूनही मिटताना कळत नाही. पण कशाने होतं ते आता कळलं आहे. चाप ओढला की गालाजवळ हवा फट्‌कन सुटते. लहानसा आवाज. तो येणार हे डोळ्याला आधीच माहीत असतं. उरलेला एक आहे, तो आपलं घर राखतो. त्याला कसं रागवायचं?

नमाजाआधी नियत करावी लागते. मनाने ठरवल्याशिवाय उभं राहण्याला अर्थ नाही. मी रोज ठरवतो, डोळा उघडा ठेवायचा. आणि रोज तो माझं न ऐकता मिटतो. मग वाटतं, माझ्या नियतीतच कुठेतरी खोट असेल.

हवालदारांनी विचारलं, "त्या दिवशी तू काय पाहिलंस, ते एकदा कोणाला सांगितलंस का?" मी म्हणालो, काय पाहायचं, तार जुनी होती. हवालदार पोरांकडे गेले.

आता कामाचं लिहितो, नीट वाच. ऑगस्टअखेर नाशिकलाच निवड स्पर्धा आहे. त्यांनी तुझं नाव दिलं आहे. माझंही दिलं आहे, पंचेचाळीसच्या वरच्यांच्या गटात. ते म्हणाले, "मुबीन त्या दिवशी उभा राहिला नाय, तर नाव काढावं लागंल. मागं पोरं वाट बघत्यात, त्यांचा हक्क मारून चालत नाय." त्यांचं बरोबर आहे. तू आपल्या घराण्यातला पहिला माणूस, ज्याच्या हातात एक गोष्ट इतकी सुंदर होती. ती माझ्या डोळ्याबरोबर जाऊ नये. मी या वयात डाव्या खांद्याला रायफल लावून हसं करून घेतो ते कशासाठी, हे तुला कळलं असेल. मला बक्षीस नको आहे. माझं सगळं ठीक चाललंय असं तुला दिसावं आणि तू परत यावंस, एवढ्याचसाठी.

ऑगस्टपर्यंत ये.

भाईजान


१५ जून २०२५

मुबीन,

पहिल्या पत्रात वर लिहिली होती ती खुशालीची ओळ खोटी होती. सगळे खुशाल नाहीत.

तार जुनी नव्हती. रोल मीच फोडला होता. वरचा कागद मी माझ्या हाताने काढला आणि तार उन्हात अशी चमकली की तू म्हणालास, भाईजान, चांदीच आहे. ती तुटली नाही. जास्त ताण बसला म्हणून माझ्या टोकाच्या चिमट्यातून सुटली.

आणि मी तुला पाहिलं होतं. ओळ लांब होती, पण तेव्हा मला दोन डोळे होते. मान वाकडी करून तू फोन कानाशी धरला होतास. डावा हात पुलरवर. तू हसत होतास. इतका हसत होतास की मला इकडे कळलं, हवालदारांचाच फोन आहे, निवड झाली. तुझा हात फोनच्या आनंदात पुलर ओढत राहिला. एक खटका जास्त. मला तारेतून कळलं की हे जास्त झालं. पण तुला हसताना बघत होतो, म्हणून तोंड फिरवलं नाही. डाव्या-उजव्या दोन्ही डोळ्यांनी मी शेवटचं जे पाहिलं ते तुझं हसणं आहे.

दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा तू पायथ्याशी उभा होतास. अर्धा गाव भोवती. तू काहीतरी सांगायला तोंड उघडलंस. "भाईजान, मी," एवढं म्हणालास. आणि मी घाईने म्हणालो, तार जुनी होती, मी माफ केलं. सगळ्यांनी माना हलवल्या. म्हातारे म्हणाले, काय दिलाचा माणूस आहे. मग तूही मान हलवलीस. त्यानंतर तू घरात एक महिना राहिलास आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी तुझ्या तोंडात माझंच वाक्य कोंबलं होतं. तुला बोलायला जागाच उरली नव्हती.

मला राग आहे, मुबीन.

हे वाक्य एकदा खोडलं होतं. पण आहे. कप चुकला की तुझा राग येतो. भाजी घेताना कोणी उजवीकडून धडकलं की येतो. बकरी ईदला सुरी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागली, अंतर चुकून जनावराला त्रास होऊ नये म्हणून. सगळे अल्लाहु अकबर म्हणत होते, आणि मी मनात तुझं नाव घेऊन म्हणत होतो, एक मिनिट फोन ठेवला असतास तर! सजद्यात डोकं टेकतानासुद्धा येतो. लोकांना वाटतं हा माणूस फार शांत झाला आहे. फलक म्हणाली ते बरोबर आहे, शांत तो प्लास्टिकचा डोळा आहे.

हे मी आधी हवालदारांना सांगितलं. रेंज रिकामी होती. पुरतं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "आता मार."

मारलं. गोळी काळ्या गोलाच्या कडेलाही लागली नाही. पण कागदाला भोक पडताना मी पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. डोळा उघडा राहिला होता. दुसऱ्या गोळीला परत मिटला, तिसऱ्या गोळीला उघडा. अजून तसंच चाललं आहे, कधी मिटतो, कधी नाही.

म्हणून दवाखान्यातली ती माफी मी परत घेतो. ती तुझी नव्हती, गावाची होती. खरी अजून पुरी झालेली नाही. रोज थोडी होते आणि कधी एका दिवसात सगळी मोडते. पण होते आहे. पुरी झाल्याशिवाय येऊ नको असं मी म्हणत नाही. उलट म्हणतो, अपुरी असतानाच ये. तू दारात आलास की मी ओरडेन. फार वाईट ओरडेन, तुझ्या भाभीला सांगून ठेवलं आहे. ओरडून झालं की जेवायला बसू.

तुला मी हाताने भरवून वाढवलं आहे. तुझ्यावर ओरडण्याचा हक्क मी स्वतःच घालवला होता, तो तेवढा मला दे.

महेबूब


३१ ऑगस्ट २०२५

मुबीन,

स्पर्धा काल झाली. तुला माहीत आहेच.

पण मी माझ्या बाजूने सांगतो, कारण मला काल रात्रीच्या जेवणापर्यंत दुसरी बाजू माहीत नव्हती.

सकाळी तुमच्या गटाची नावं पुकारली. तुझं नाव आलं. मी दाराकडे बघत होतो. माईकवरच्या बाईंनी तीनदा पुकारलं. "मुबीन शेख." हवालदार उभे होते, ते खाली बसले. नंतर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मी तिकडे बघणं सोडलं.

माझा गट दुपारी. मी उभा राहिलो. शेजारी नाशिकरोडचे एक वकील आणि पलीकडे बँकेतले एक साहेब, सगळे उजव्या खांद्याचे. मी एकटाच उलट्या तोंडाने, म्हणजे वकिलांच्या आणि माझ्या नजरा सारख्या समोरासमोर. ते दर वेळी हसून मान हलवायचे. माणूस चांगला होता. बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली. डोळा बऱ्याचदा उघडा राहिला. खांदा लवकर भरून आला, शेवटच्या गोळ्या वाहवत गेल्या. माझ्या खाली दोनच नावं होती. हवालदार म्हणाले, "दोन जण तरी मारलेस!" पण त्यांच्या आवाजात नेहमीचा दम नव्हता. सकाळच्या त्या नावानंतर त्यांचा दिवस संपला होता आणि माझाही.

घरी आलो. भाकरी वाढताना फलक अचानक म्हणाली, "अब्बू, चाचा आले होते."

तुझ्या भाभीची भाकरी तव्यावरच राहिली.

"कुठे?"

"हॉलमध्ये. दाराशी पाण्याचे जार ठेवलेत ना, तिथे खांबाला टेकून. तुम्ही मारत होतात तो सगळा वेळ तिथेच होते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मी सांगायला निघाले तेव्हा तुम्ही पेटी घेऊन बाहेर येत होतात. ते तुमच्या उजव्या बाजूला होते, अब्बू. तुम्ही त्यांच्या इतक्या जवळून गेलात की पेटीचा कोपरा त्यांच्या गुडघ्याला लागला. तुम्ही माफ करा म्हणालात. आणि चालत गेलात."

मुबीन, मला आठवतं. कोणाला तरी लागलं होतं. मी वळलो नाही. रोज कोणाला ना कोणाला धक्का लागतो, प्रत्येकाकडे वळून बघायचं तर माझी मान राहायची नाही. मी माफ करा म्हणतो आणि पुढे जातो. काल ते तुला म्हणालो. एका वर्षात तुझ्याशी बोललेला माझा तो एकच शब्द, आणि तो मी अनोळखी माणसाला बोललो.

तू का हात धरला नाहीस? मनगट धरलं असतंस तरी मी ओळखलं असतं.

फलक तुझ्या मागे रस्त्यापर्यंत धावत आली होती, ते तिने सांगितलं. तू वाळला आहेस म्हणाली, दाढी वाढली आहे. घरी चला म्हटल्यावर तू नाही म्हणालास. नाव पुकारलं तेव्हा कुठे होतात, असं तिने विचारलं, तर "फाटकात होतो, ऐकलं," एवढंच म्हणालास. पोरगी मग रडायला लागली. आणि तू तिला काय सांगितलंस, तर अब्बूला सांगू नकोस मी आलो होतो. ते तिने सहा तास पाळलं. आणि पुढे म्हणालास, "भाईजान डावं कोपर वर उचलून धरतो. उजव्या खांद्याची सवय आहे ती. खाली सोड म्हणावं. आपल्या वजनाने लोंबू दे."

आलो होतो ते सांगू नकोस, आणि कोपराचं मात्र सांग. दोन्ही एकदम कसं करायचं, हे तिला कळेना. तुझी भाभी म्हणाली, हे दोघे भाऊ असेच आहेत.

काल मी ओरडलो नाही. समोर कोणी नव्हतं. अंगणात जाऊन बसलो. आज फजरला मशिदीत गेलो. नमाज संपताना उजवीकडे मान वळवून सलाम करतो तेव्हा मला आता कोणी दिसत नाही, नुसता काळोख असतो. तरी सलाम करतोच. तिकडे माणूस आहे असं धरून करायचा असतो. डावीकडचा सलाम सोपा आहे.

चिमट्यात घट्ट आवळलेल्या तारेसारखं मनात काहीतरी बसलं आहे. ते राग आहे की दुसरं काही, मला आज सांगता येत नाही. नाव यादीतून गेलं, ते गेलं. हवालदार म्हणतात, पुढल्या साली नव्याने अर्ज करावा लागेल, अगदी नवख्यासारखा. त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

दुपारी रेंजवर जाऊन आलो. कोपर खाली सोडलं. पहिल्यांदा सगळी रायफलच पडेल असं वाटलं. मग खांद्यातला पीळ उतरला आणि गोल बराच वेळ गोलात उभा राहिला. हवालदारांनी आपण होऊन विचारलं, "हे कोणी सांगितलं?" मी म्हणालो, घरच्याने.

बाकी काय काय चुकतंय, ते खांबाआडून एकदा बघून कळायचं नाही.

महेबूब